आखाजीच्या पंगतीतला गोली

मला राग लवकर येतो. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे आता कोणी मनावर घेत नाही. पण एकदा या रागापायी मी बुऱ्हाणपुरातल्या एका फुटबॉल टीमचं ठरलेलं सगळं उलटंपालटं करून टाकलं होतं. ती गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आज हे संस्थान विलीन झालं, उद्या ते, अशा बातम्या रोज यायच्या. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण मास्तर म्हणून त्यांना कोण विचारतो. ते गोली होते. गोलकीपरला आमच्याकडे गोलीच म्हणतात. मंडईत भाजीवाली मला बघून आपल्या लेकीला म्हणायची, "गोलीची बायको आली, खालची चांगली वांगी काढ." आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. एरवी आमच्या वाट्याला काय, तर पाणी भरा, चूल पेटवा, धुणं धुवा. पावसाळ्यात मॅच असली की हे संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायचे. आपली काळी माती, तीन पाण्यांतसुद्धा निघत नाही. दुसऱ्या दिवशी ती जर्सी मी राजघाटावर नेऊन धोपटायची आणि तोंडाने बडबडायची, म्हणजे कोणाची जर्सी आहे ते साऱ्या घाटाला कळावं. बाया विचारायच्या, "काल किती अडवले गं?" मी आकडा सांगायची, एखादा वाढवूनच.

दसऱ्यानंतर बॉल फडताळात जायचा तो आखाजीला बाहेर यायचा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्याच दिवशी पुढच्या वर्षाची टीम ठरायची, आणि ती कशी ठरायची ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टीमचे अध्यक्ष निंबोल्याचे मोठे शेतकरी होते. कपाशी होती, केळी होती, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांच्या शेतावर सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेले गडी, आणि सालदाराचं वर्ष आमच्या भागात आखाजीपासून आखाजीपर्यंत. त्या दिवशी मालक जुन्याला विचारणार, राहतोस का जातोस. नवा ठेवायचा तर नवा ठेवणार. मालकाच्या घरचं पुरण जेवला की माणूस वर्षभर बांधला गेला. दादांनी तीच रीत टीमला लावली होती. कारण असं की, आमचा एखादा पोरगा चांगला खेळायला लागला की गावातले कापडमिलवाले त्याला खात्यात नोकरी देऊन आपल्या टीममध्ये घेऊन जायचे. नोकरीपुढे आपण काय देणार? दादा म्हणाले, आपण जेवण देऊ.

म्हणून आखाजीच्या आधी, ज्याला ठेवायचा त्याच्या घरी नारळ जायचा. आखाजीला टीमच्या सेक्रेटरींच्या घरी पंगत बसायची. दादांच्या बागेतून केळीची पंधरा पानं यायची, मोजून पंधरा. अकरा खेळणारे आणि चार वरचे, राखीव. जो पानावर बसून जेवला, तो पुढच्या आखाजीपर्यंत टीमचा आणि टीम त्याची. दादा म्हणायचे, "सही खोडता येते. खाल्लेलं पुरण कसं काढणार?" आणि खरंच, जेवलेला एकही माणूस तोवर मिलमध्ये गेला नव्हता.

या पंगतीचे मांडे मी करायची. लग्नाआधी धूलकोटला मावशीकडे शिकले होते. मांडे म्हणजे पुरणपोळी नव्हे बरं का. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा, आणि न फाडता खापरावर टाकायचा. घडी घातली तरी ताटाबाहेर येतो. चांगला जेवणारा माणूस आमरसाबरोबर एक खातो, फार तर दीड, आणि मग भिंतीला टेकतो.

तर त्या वर्षी आमच्या घरी नारळ आला नाही. आज येईल, उद्या येईल करता करता आखाजी दोन दिवसांवर आली. त्या दिवशी सेक्रेटरी स्वतः आले. यांचेच मित्र, मी भाऊजी म्हणायची त्यांना. मी लगबगीने पाट मांडला, हातांकडे बघितलं, तर हात रिकामे. म्हणाले, "वहिनी, परवा लवकर या हं. खापर नवीन आणलंय." एवढं बोलून, चहा न घेता, चपला पुऱ्या पायात जायच्या आत निघालेसुद्धा.

हे वह्या तपासत बसले होते. मी म्हटलं, "अहो, नारळ?"

"आला नाही."

"का आला नाही?"

मग त्यांनी सांगितलं. नर्मदेपलीकडचं एक लहानसं संस्थान विलीन झालं होतं. तिथल्या राजाची फुटबॉलची टीम होती, बूट घालून खेळणारी. राज्यच गेलं म्हटल्यावर टीम कोण पोसणार, राजाने ती मोडली. आणि मग काय, आजूबाजूच्या सगळ्या क्लबांची माणसं, लग्नाला स्थळं बघत फिरावं तशी, तिथले खेळाडू बघत फिरू लागली. फॉरवर्ड खंडव्याने नेला, बॅक मिलने नेला. आपले भाऊजी जाऊन राजाचा गोली पक्का करून आले होते. बावीस वर्षांचा आहे, हात दाराच्या चौकटीला टेकतात, म्हणे.

"आणि माझं बत्तिसावं चालू आहे," हे म्हणाले. "गुडघा तुला माहीत आहे."

"म्हणजे तुम्हाला काढलं?"

"तसं अजून कोणी सांगितलं नाही."

"आणि मांडे मी करायचे?"

"मांडे तुझ्यासारखे कोणाला येतात?" असं म्हणून त्यांनी पुढची वही ओढली. लाल पेन्सिल मात्र बराच वेळ एकाच ओळीवर होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याला पानावरून उठवायचं आणि पान वाढायला बायकोला बोलवायचं, ही कुठली रीत. जाणारच नाही, असं म्हटलं आधी. मग विचार केला, नाही गेले तर लोक म्हणणार, बघा कशी जळली. तेव्हा जायचं, आणि असे मांडे करायचे की खाणाऱ्याला घासाघासाला लाज वाटली पाहिजे.

आखाजीच्या सकाळी यांच्यासाठी दोन भाकरी आणि ठेचा झाकून ठेवला. सणाच्या दिवशी भाकरी. मी रडले नाही, पण भाकरी थापताना परातीचा आवाज जरा जास्त झाला.

सेक्रेटरींच्या मागच्या अंगणात चूल मांडली होती. त्यांची बायको बिचारी साधी, उंडे करून देत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. दहा-बारा मांडे झाले असतील, तेवढ्यात दादा आले. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि खाटेवर बसले. हातावर मांडा कसा वाढत जातो ते बघायला त्यांना फार आवडायचं.

"काय सूनबाई, गोली दिसत नाही. अजून यायचाय?"

मांडा माझ्या कोपरापर्यंत आला होता. तो खापरावर टाकला आणि मग बोलले. मांडा फाटू द्यायचा नव्हता मला. "घरी आहेत. नारळच आला नाही, मग येतील कसे?"

दादांनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं. त्यांनी हाक मारल्यावर भाऊजी धोतराला हात पुसत आले.

"गोलीला नारळ का नाही गेला?"

"दादा, तुम्हीच म्हणालात, नवा चांगला असला तर घ्या."

"घ्या म्हणालो. जुन्याला सांगू नका, असं म्हणालो का?"

भाऊजी खाली बघून म्हणाले, "सांगायला जीभच रेटेना हो. बारा वर्षं एकत्र खेळलो. म्हटलं, समजून घेईल."

"सालदाराला काढायचं तर आखाजीच्या आधी तोंडावर सांगावं लागतं," दादा म्हणाले. "नाही सांगितलं, तर तो राहिला. माझ्या बापाच्या वेळेपासून हेच चालत आलंय. आता तो राहिला, आणि नव्याला तर तू नारळ देऊन बसलास. पानं किती आहेत?"

"पंधरा."

दादांनी निवाडा दिला. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर कप्तान दोघांवर पाच-पाच किका मारेल. जास्त अडवेल तो टीमचा. आत्ता दोघेही जेवतील, पण गोलीपुरतं आजचं जेवण कोणाला बांधणार नाही.

कप्तान आमच्या घरी जाऊन यांना सांगून आला. परत येऊन म्हणाला, "जेवण झालंय म्हणतात. पाचला येतो म्हणाले." मला ठाऊकच होतं. न बोलावता पानावर बसणारा माणूस नव्हे तो. दोन भाकऱ्यांवर राहील.

पंगत बसायला दोन वाजले. तेव्हा मी त्या राजाच्या गोलीला पहिल्यांदा पाहिलं. उंच, आणि सुकलेला. अंगात राजाच्या टीमची लाल जर्सी होती, धुऊन धुऊन गुलाबी झालेली. दाराशी बूट काढून त्याने अगदी एकाशेजारी एक सरळ लावून ठेवले. एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता. ते मी पाहिलं, पण तेव्हा मला त्यात दया वाटण्यासारखं काही दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की हा आता जेवणार आहे आणि पाच वाजता याला उड्या मारायच्या आहेत.

विचार मनात आला आणि मला असा आनंद झाला, काय सांगू. मांड्यांचं ताट सेक्रेटरींच्या बायकोच्या हातून घेतलं आणि पदर खोचून वाढायला मीच निघाले.

पहिला मांडा त्याने चटकन संपवला. रस वाटीभर नाही, गडवाभर ओतला मी. दुसरा घेऊन गेले तेव्हा त्याने पानावर हात आडवा धरला. "भाभी, बस, हो गया."

"बस काय? सणाचा दिवस आहे. माझ्या हातचा म्हणून एक." आणि त्याच्या हातावरच मांडा सोडला, वर तुपाची धार. पंगतीतल्या पोरांना काय, ती आग्रहाला जोर द्यायला टपलेलीच असतात. "घे रे, घे, भाभी नाराज होतील," सुरू झालं. दादा मात्र माझ्याकडे जरा रोखून बघत होते.

तिसरा वाढताना, बोलायचं म्हणून विचारलं, "घरी कोण कोण असतं, भाऊ?"

"कोणी नाही," तो म्हणाला. मराठी बोलायचा, पण हिंदी वळणाची. "लहानपणापासून राजासाहेबांच्या मुदपाकखान्यातच जेवायचो. टीम टूटी, तो वो भी गया. इकडे आल्यापासून राजघाटावर धर्मशाळेत आहे. चणे मिळतात तिथे चांगले."

तो मान खाली घालून जेवत होता, हळू, घडीचा एकेक पापुद्रा सोडवत. आजूबाजूचे सगळे भिंतीला टेकले होते. तिसरा मांडा संपला. त्याने बोटं चाटली, इकडेतिकडे बघितलं, आणि अगदी बारीक आवाजात मला म्हणाला, "भाभी, एक और मिलेगा?"

मला माझीच लाज वाटली. मी याचं पोट बिघडवायला निघाले होते, आणि याचं पोट कितीतरी दिवसांनी भरत होतं.

"पुरे आता, भाऊ," मी म्हटलं. या वेळी मनापासून म्हटलं. "पाच वाजता उड्या मारायच्या आहेत तुला."

तो हसला. "उड्या तर रोज मारतो. मांडे रोज कुठे मिळतात?"

ताटात दोनच मांडे उरले होते. एक यांच्या वाटचा आणि एक माझा. यांच्या वाटचा मांडा मी त्याला वाढला. तूपही वाढलं, पण ते तूप वेगळं होतं.

मैदान तापीच्या अंगाला होतं आणि कडेच्या निंबाला आखाजीचे झोके बांधलेले होते. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, त्यामुळे आम्हां बायकांना तिथे उभं राहायला निमित्त होतं. एरवी मी मॅच कधी पाहिलीच नव्हती. मी फक्त जर्सी पाहायची. हे आले ते धुतलेल्या जर्सीत, पायात काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावरून एकदा हात फिरवला तेवढा.

आधी नवा उभा राहिला. कप्तानाने पहिली किक मारली आणि तो बिचारा गाभण म्हशीसारखा वळला. बॉल गेला आत. पोरं हसली. दुसरा त्याने अडवला, कसा ते त्यालाच माहीत. तिसऱ्याला त्याने अशी उडी घेतली की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. चौथा गेला. पाचवा त्याने बोटांच्या टोकांनी बाहेर काढला आणि तिथेच मातीत उताणा पडून पोट धरलं. पाचांत तीन.

मग हे. पहिला अडवला, दुसरा अडवला. तिसरा गेला. चौथ्याला गुडघ्यावर पडले, पण बॉल छातीशी होता. पाचवी किक कप्तानाने जीव खाऊन मारली. यांनी नुसते दोन्ही हात वर केले, आणि बॉल असा हातांत येऊन बसला जसा काही घरचाच होता. पाचांत चार. माझ्या शेजारच्या बायांनी मला मिठीच मारली. पोरांनी यांना खांद्यावर घेतलं. दादा नारळ घेऊन पुढे निघाले.

मला हवं होतं ते सगळं समोर होतं. उद्या मंडईत मी पुन्हा गोलीची बायको. गप्प उभं राहायचं, बस, एवढंच काम होतं माझं. आणि तेवढंच मला जमेना. तो नवा गोली खाली बसून बुटाची सुतळी सोडत होता. दोन्ही बूट त्याने पुन्हा तसेच सरळ, शेजारीशेजारी ठेवले. आता धर्मशाळेत जाणार आणि चणे खाणार.

मी मैदानात शिरले. बाईमाणूस मैदानात, झोक्यावरची गाणी थांबली. मी म्हटलं, "दादा, थांबा. नारळ देऊ नका. मी याला चार मांडे वाढले. मुद्दाम वाढले. याला हरवायला."

हे खांद्यावरून खाली उतरले.

"चार?" यांनी मला विचारलं.

"चार. तूप वेगळं. आणि गडवाभर रस."

हे त्या पोराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार मांडे पोटात घेऊन तीन अडवले? दादा, माझ्या पोटात दोन भाकऱ्या आहेत, हवा भरल्यासारखा उडत होतो मी. हा रिकाम्या पोटी उभा राहिला तर याच्या बाजूने मुंगी जायची नाही. गोलमध्ये याला उभा करा." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तीन वर्षांत मला कधी चार वाढलेस नाहीत."

दादा हसायला लागले ते त्यांना धोतराच्या सोग्याने डोळे पुसावे लागले. हसणं आवरल्यावर म्हणाले, "जेवण बांधणार नाही, असं सकाळी मीच म्हणालो होतो. पण चार मांडे खाल्लेल्याला परत पाठवला तर माझ्या रितीत राहिलं काय? हा राहिला. आणि जुन्याला कोणी जा म्हटलंच नव्हतं, म्हणून तोही राहिला. सेक्रेटरी, यादी सोळाची कर."

"दादा, पान नाही सोळावं," भाऊजी म्हणाले. पण हे बोलतानाच त्यांनी यांचा हात असा घट्ट धरला होता की सुटता सुटेना.

पान नव्हतंच. भाऊजींच्या अंगणात परत आल्यावर, माझ्या वाटचा जो एक मांडा फडक्याखाली होता तो मी परातीत काढला. सकाळपासून मीही जेवले नव्हते. अर्धा यांनी खाल्ला, अर्धा मी, एकाच परातीत, सगळ्यांसमोर. दादा खाटेवरून म्हणाले, "अर्ध्यानेही माणूस बांधला जातो. मग सूनबाई, तूही बांधली गेलीस. वर्षभर मांडे चुकायचे नाहीत."

नवा गोली त्याच दिवशी धर्मशाळेतून आपली वळकटी घेऊन आमच्याकडे आला. हे म्हणाले, "तूच खाऊ घालून आणलास, आता तूच सांभाळ." ओसरीवर झोपायचा. दिवसभर दादांच्या बागेत कामाला जायचा आणि संध्याकाळी हे त्याला मैदानावर नेऊन आपल्या काळ्या मातीत पाय कसा रोवायचा ते शिकवायचे. बूट त्याने पहिल्याच पावसात सोडले. एकेका बुटाला शेरभर चिखल चिकटायचा. त्या पावसाळ्यात मोठ्या मॅचेस तो खेळला. हे गोलच्या मागे उभे राहून ओरडायचे, "डावीकडे, अरे डावीकडे," आणि स्वतःच इतके लोळायचे की खेळणारा कोण, हे घरी आल्यावर जर्सीवरून ओळखू यायचं नाही.

श्रावणातली गोष्ट. राजघाटावर मी धुणं घेऊन बसले होते. मिलविरुद्ध आदल्या दिवशी आपण जिंकलो होतो आणि माझा आवाज जरा चढलेलाच होता. शेजारच्या बाईने माझ्या दगडाकडे बघितलं आणि विचारलं, "अगं, आज दोन जर्सी? दुसरी कोणाची?"

"दोन्ही गोलीच्या," मी म्हटलं आणि धोपटायला लागले.